ओस्वाल्ड एव्हरी
हृदयविकाराचा धोका अजमावण्यासाठी मोजल्या जाणाऱ्या 'सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन'चे मूळ न्यूमोनियाच्या संशोधनात आहे. कॅनडातील हॅलिफॅक्स येथे १८७७ मध्ये जन्मलेले ओस्वाल्ड एव्हरी १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर रुग्णालयात रुजू झाले. त्यांच्या प्रयोगशाळेत १९३० मध्ये टिलेट व फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तद्रवात जंतूच्या 'सी' घटकाशी संयोग पावणारा पदार्थ आढळला. रुग्ण बरा होताच तो नाहीसा होई. तो प्रथिन असल्याचे एव्हरी व सहकाऱ्यांनी १९४१ मध्ये दाखविले. १९४४ मध्ये त्यांनी डीएनएचे आनुवंशिक कार्य उलगडले. नोबेलने मात्र हुलकावणी दिली. १९५५ मध्ये ते निवर्तले. निरोगी पुरुषांतही हे प्रथिन वाढलेले असल्यास पुढे हृदयविकाराचा झटका येण्याची शक्यता बळावते, हे १९९७ मध्ये अमेरिकेतील अभ्यासाने दाखविले. ते पाहण्यास एव्हरी नव्हते.