सारा बर्नहार्टचा राजीनामा

एप्रिल १८८० मध्ये पॅरिसच्या ‘कॉमेदी फ्रान्सेझ’ या नाट्यसंस्थेच्या प्रमुखाकडे तिच्या एका भागीदार अभिनेत्रीचा राजीनामा आला. एमिल ओजिए या नाटककाराच्या नाटकातील एक भूमिका तिच्या गळ्यात मारण्यात आली होती, पुरेशा तालमी मिळाल्या नाहीत अशी तिची तक्रार होती आणि पहिल्या प्रयोगानंतर वृत्तपत्रांनी तिच्यावर कोरडे ओढले होते. राजीनाम्याचे हे निमित्त झाले. सारा बर्नहार्ट आणि तिची संस्था यांच्यातील तंटा मात्र याहून जुना होता आणि तो केवळ मानापमानाचा नव्हता.

त्याचे स्वरूप समजण्यासाठी त्या संस्थेची घडण ध्यानात घेतली पाहिजे. १६८० मध्ये राजाज्ञेने स्थापन झालेल्या या संस्थेला नेपोलियनने १८१२ मध्ये मॉस्कोच्या मुक्कामातून काढलेल्या फर्मानाने नवी घटना दिली. उत्पन्नाचे २४ हिस्से करावयाचे, नटनटींना त्यांच्या दर्जानुसार त्यांतील अंश द्यावयाचा, त्यातलाही काही भाग निवृत्तीपर्यंत राखून ठेवावयाचा, अशी ती व्यवस्था होती. भागीदाराला निवृत्तिवेतनाची शाश्वती मिळे. त्याच्या मोबदल्यात दीर्घ सेवेचे बंधन पत्करावे लागे आणि रजेवाचून अन्यत्र प्रयोग करता येत नसे. नाट्यव्यवसायातील बेभरवशाच्या मिळकतीचा विचार करता ही सोय लहानसहान नव्हे. नटवर्गाला इतके स्थैर्य देणाऱ्या संस्था त्या काळी युरोपात विरळाच होत्या.

१८४४ मध्ये पॅरिसमध्ये जन्मलेल्या साराला स्थैर्य जन्मतः लाभलेले नव्हते. आई धनिकांच्या आश्रयावर जगणारी, पित्याची छाया नाही, शिक्षण मठातील शाळेत. आईच्या परिचयातील एका सरदाराच्या शब्दामुळे ती नाट्यशिक्षणाच्या सरकारी विद्यालयात दाखल झाली आणि १८६२ मध्ये ‘कॉमेदी’च्या रंगमंचावर उभी राहिली. पुढच्याच वर्षी एका ज्येष्ठ अभिनेत्रीने तिच्या धाकट्या बहिणीला ढकलले म्हणून साराने त्या बाईंच्या थोबाडीत मारली, क्षमा मागण्यास नकार दिला आणि संस्था सोडली. पुढे ‘ओदेऑन’ नाट्यगृहात तिचे नाव झाले. १८७०-७१ च्या युद्धात त्याच नाट्यगृहात तिने जखमी सैनिकांसाठी रुग्णालय चालविले. १८७२ मध्ये व्हिक्टर ह्यूगोच्या ‘रुई ब्लास’मधील राणीची भूमिका गाजताच ‘कॉमेदी’ने तिला सन्मानाने परत बोलाविले. रासीनची फेद्र, ‘एर्नानी’मधील दोन्या सोल या भूमिका याच काळातल्या. १८७५ मध्ये ती भागीदार झाली.

ठिणगी पडली ती १८७९ च्या लंडन दौऱ्यात. ‘कॉमेदी’चे खेळ पाहण्यास लंडनकर आले ते मुख्यतः साराला पाहण्यास. धनिकांच्या दिवाणखान्यातील खासगी प्रयोगांतून तिला मिळणारी बिदागी पाहता, संस्थेतील आपल्या अंशाचे मोल आणि आपल्या नावाचे बाजारातील मोल यांतील तफावत तिच्या लक्षात आली नसती तरच नवल. सहकारी दुखावले गेले. वर्षभरातच राजीनामा आला. संस्थेने दावा लावला. न्यायालयाने तिला १ लाख फ्रँकची भरपाई देण्यास सांगितले आणि निवृत्तिवेतनावरील तिचा हक्कही गेला.

पैशाच्या लोभाने तिने कलेच्या मंदिराकडे पाठ फिरविली, असा ठपका त्या वेळी ठेवला गेला व पुढेही ठेवला जातो. तो एकांगी आहे. जिच्या नावावर तिकिटे खपतात तिने त्या उत्पन्नाचा मोठा वाटा मागावा, यात नीतिबाह्य काही नाही. तथापि संस्थेची बाजूही पोकळ नव्हती. नामांकितांनी असे बाहेर पडावयाचे ठरविले, तर सामान्य नटाच्या निवृत्तिवेतनाचा निधी कोणाच्या प्रयोगांतून उभा राहणार?

सुटका होताच ती अमेरिकेस गेली. १८८०-८१ च्या त्या दौऱ्यात सुमारे पन्नास गावांत दीडशेहून अधिक प्रयोग झाले, तेही फ्रेंचमध्ये. ती परतली तेव्हा श्रीमंत झालेली होती. परंतु गावोगावचा प्रेक्षक मागे तो खेळ मुख्यतः एकच: ‘ला दाम ओ कामेलिया’, क्षयाने मरणारी मार्गरित. हीच भूमिका ती पुढे दशकानुदशके करीत राहिली. सार्दूने तिच्यासाठी ‘फेदोरा’, ‘थेओदोरा’, ‘तोस्का’ लिहिली. ती भव्य होती, पण रासीनच्या तोडीची नव्हती. स्वातंत्र्याचे हे मोल न्यायालयाच्या हुकूमनाम्यात नोंदलेले नव्हते.

दुसरे मोल होते जोखमीचे. आंबिगू नाट्यगृहाच्या व्यवहारात ती इतकी बुडाली की १८८३ मध्ये दागिने लिलावात काढावे लागले. कर्ज झाले की दौरा, दौऱ्यातून पैसा, पैशातून नवे नाट्यगृह, असा क्रम पडला. १८९९ मध्ये पॅरिस नगरपालिकेकडून एक मोठे नाट्यगृह भाड्याने घेऊन तिने त्याला स्वतःचे नाव दिले. तेथेच मार्च १९०० मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, तिने ‘लेग्लाँ’मध्ये नेपोलियनचा तरुण पुत्र उभा केला. ते नाटक अफाट चालले.

मक्तेदारीशीही तिची गाठ पडली. अमेरिकेतील बहुतेक नाट्यगृहे ‘सिंडिकेट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मालकांच्या गटाच्या हाती होती. १९०६ मध्ये प्रतिस्पर्धी शूबर्ट बंधूंबरोबर करार केल्यामुळे टेक्सासमध्ये तिला त्यांची दारे बंद झाली. तिने मोठा तंबू ठोकून त्यात खेळ केले.

१९१५ मध्ये तिचा उजवा पाय मांडीपासून कापावा लागला. त्यानंतरही युद्धभूमीजवळ सैनिकांपुढे आणि पुन्हा एकदा अमेरिकेत, बसून किंवा आधाराने, ती अभिनय करीत राहिली. निवृत्तिवेतन नव्हते आणि तिच्यावर अवलंबून असलेला परिवार मोठा होता. मार्च १९२३ मध्ये एका चित्रपट कंपनीने तिच्या पॅरिसच्या घरातच कॅमेरे व दिवे मांडले, कारण तिला बाहेर नेणे शक्य नव्हते. चित्रण पुरे होण्यापूर्वी, २६ मार्च रोजी, तिचे निधन झाले.