सूर्यडागातले वारे मोजणारा एव्हरशेड

जॉन एव्हरशेड यांचा जन्म १८६४ मध्ये इंग्लंडमधील सरे परगण्यात झाला. नोकरी रासायनिक तपासणीची आणि सूर्याचे वेध घेणे हा फावल्या वेळेचा छंद. १८९८ चे खग्रास सूर्यग्रहण टिपण्यासाठी ते वऱ्हाडातील तळणी येथे आले होते. पुढे १९०७ मध्ये, वयाच्या त्रेचाळिशीत, ते कोडाईकनालच्या सौर वेधशाळेत रुजू झाले. सोबत पत्नी मेरी होत्या. त्याही खगोल अभ्यासक होत्या.

१९०८ मध्ये अमेरिकेत जॉर्ज हेल यांनी सूर्यडागांत चुंबकीय क्षेत्र असल्याचे दाखवले. डागाभोवतीच्या वळणदार रेषा पाहता तिथे वायू चक्रीवादळासारखा गरगरत असावा, असे मानले जात होते. एव्हरशेड यांनाही तेच दिसेल असे वाटत होते.

सोनोग्राफीतील डॉप्लर तपासणीत ध्वनिलहरींच्या बदलावरून रक्तप्रवाहाचा वेग कळतो. प्रकाशाचेही तसेच आहे. वायू आपल्याकडे येत असेल तर वर्णपटातील काळ्या रेषा जांभळ्या टोकाकडे सरकतात, दूर जात असेल तर तांबड्या टोकाकडे.

५ जानेवारी १९०९ रोजी एव्हरशेड यांनी डागांच्या वर्णपटाची छायाचित्रे घेतली. वायू गोल फिरत असल्याची खूण त्यांत नव्हती. सूर्यबिंबाच्या कडेजवळील डागांत मध्याकडची बाजू आपल्याकडे येत होती, तर कडेकडची दूर जात होती. डाग बिंबाच्या मध्यावर असला की हा फरक नाहीसा होई. याचा अर्थ, वायू डागातून चहूबाजूंनी बाहेर, पृष्ठभागाला समांतर वाहत होता. वेग सेकंदाला सुमारे २ किलोमीटर. एवढ्या वेगाने प्रकाशाच्या तरंगलांबीत फरक पडतो तो जेमतेम दीड लाखांत एक भाग. इतका सूक्ष्म फरक मोजण्यातली चूक म्हणून सोडून देणे सोपे होते. पण एव्हरशेड यांनी अनेक डाग तपासले आणि अपेक्षा बाजूला ठेवून मोजमापाने दिलेले उत्तर त्याच वर्षी प्रसिद्ध केले.

१९११ ते १९२३ या काळात ते वेधशाळेचे संचालक होते. १९१५ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. निवृत्तीनंतर इंग्लंडमध्ये घरीच वेधशाळा थाटून त्यांनी उतारवयापर्यंत सूर्याचा अभ्यास केला. १९५६ मध्ये, ९२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. डागातील हा प्रवाह आज एव्हरशेड परिणाम म्हणून ओळखला जातो.