पेशी वाचणारा डॉक्टर

संगमनेर काय, अहिल्यानगर काय, विडीच्या धंद्यावर वाढलेली ही गावे. विडी ओढणाऱ्या एखाद्या प्रौढाच्या लघवीतून वेदनेविना रक्त गेले, तर घरची माणसे उन्हाळी लागली असे म्हणून धणे-जिऱ्याचे पाणी देतात. चार दिवसांत रक्त आपोआप थांबते आणि विषय मिटतो. वस्तुतः मूत्राशयाच्या कर्करोगाचे ते पहिले लक्षण असू शकते; तंबाखूचा धूर हे त्या रोगाचे सर्वांत मोठे ज्ञात कारण होय. हा रोग नुसत्या लघवीच्या नमुन्यात हुडकण्याची वाट रुळवणारे डॉ. जॉर्ज पापानिकोलाऊ यांचे चरित्र म्हणूनच या जिल्ह्यातही सांगण्याजोगे आहे.

त्यांचा जन्म 1883 साली ग्रीसमधील यूबिया बेटावर, एका डॉक्टरच्या घरी झाला. अथेन्सची वैद्यकीय पदवी आणि म्युनिकची डॉक्टरेट पदरी असूनही, 1913 साली पत्नी अँड्रोमाकी यांच्यासह न्यूयॉर्कला उतरल्यावर त्यांना दुकानात गालिचे विकावे लागले. पत्नीने गुंड्या शिवण्याचे काम धरले. पुढे कॉर्नेलच्या वैद्यकीय महाविद्यालयात जागा मिळाली. तेथे गिनीपिगच्या योनिस्रावातील पेशी पाहता पाहता त्यांचे लक्ष स्त्रियांच्या स्रावाकडे वळले. अँड्रोमाकी प्रयोगशाळेत राबल्या, शिवाय वर्षानुवर्षे स्वतःचे नमुने देत राहिल्या. पॅप चाचणी या नावात मात्र त्यांच्या वाट्याचे एक अक्षरही दिसत नाही!

सुट्या पेशींवरून कर्करोग ओळखता येतो, हे त्यांनी 1928 साली मांडले. मांसाचा तुकडा कापून तपासण्याची सवय असलेल्या तज्ज्ञांनी तिकडे फारसे लक्ष दिले नाही. दीड दशक हा मनुष्य काचपट्ट्या पाहत राहिला. गर्भाशयाच्या कर्करोगावरील त्यांचा ग्रंथ 1943 साली आला, तेव्हा कोठे वारे फिरले. दोनच वर्षांनी, 1945 साली, मूत्ररोगतज्ज्ञ व्हिक्टर मार्शल यांच्यासह त्यांनी तीच दृष्टी लघवीकडे वळवली. मूत्रमार्गाच्या अस्तरातून गळणाऱ्या पेशी लघवीच्या गाळात सापडतात; तो गाळ काचेवर पसरून रंगवला की रोगट पेशीचे मोठे, गडद, वेडेवाकडे केंद्रक उठून दिसते. 1962 साली पापानिकोलाऊ निवर्तले.

या चाचणीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. उग्र कर्करोग ती चांगला पकडते. सौम्य प्रकारच्या पेशी निरोगी पेशींसारख्याच दिसत असल्याने पुष्कळदा निसटतात. म्हणून सरसकट साऱ्या गावाची लघवी तपासण्यात अर्थ नाही. परंतु विडी-सिगारेट ओढणाऱ्याला रक्त दिसले, तर चाचणी अवश्य करावी. आणि अहवाल निर्दोष आला तरी दुर्बिणीची तपासणी टाळू नये. लोणीला 1984 पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी विकृतिशास्त्राचा विभाग असतोच. नमुना मात्र पहाटेच्या पहिल्या लघवीचा नेऊ नये. रात्रभर साचून त्यातील पेशी खराब झालेल्या असतात. त्यानंतरची ताजी लघवी घ्यावी आणि ती विनाविलंब पोचवावी.