‘ब्रेकिंग बॅड’च्या शेवटी वाजलेलं गाणं कोणाचं?

‘ब्रेकिंग बॅड’चा अखेरचा भाग २०१३ मध्ये आला, शेवटी ‘बेबी ब्लू’ वाजलं आणि लोकांनी गाणं शोधायला सुरुवात केली. ते लिहिणारे-गाणारे पीट हॅम तोवर हयात नव्हते.

हॅम यांचा जन्म १९४७ चा, वेल्समधल्या स्वान्सीचा. त्यांचा बँड ‘बॅडफिंगर’ बीटल्सच्या ‘ॲपल’ कंपनीकडे होता. १९७२ मध्ये ‘बेबी ब्लू’ अमेरिकेत १४ व्या क्रमांकापर्यंत पोहोचलं. ब्रिटनमध्ये मात्र ते सिंगल म्हणून आलंच नाही, म्हणजे घरच्याच चार्टमध्ये जागा नाही.

त्याहून मोठी हुकलेली संधी ‘विदाउट यू’ची. हॅम आणि टॉम इव्हान्स यांचं हे गाणं १९७० च्या ‘नो डाइस’ अल्बममध्ये नुसतं पडून राहिलं. हॅरी निल्सन यांनी गायल्यावर १९७२ मध्ये अमेरिका-ब्रिटन दोन्हीकडे नंबर वन!

१९७४ मध्ये ‘विश यू वर हिअर’ अल्बम आला (पिंक फ्लॉइडचा नव्हे, तो पुढच्या वर्षीचा). समीक्षकांना आवडला. पण आगाऊ रकमेचा हिशेब लागेना म्हणून वॉर्नर कंपनी कोर्टात गेली आणि अल्बम बाजारातून काढून घेतला गेला. बँडच्या हाती पैसाच उरला नाही.

एप्रिल १९७५ मध्ये, २८ व्या वाढदिवसाच्या तीन दिवस आधी, हॅम यांनी आत्महत्या केली. महिनाभराने त्यांना मुलगी झाली.