न्यायमूर्ती माधवराव रानडे : श्रद्धा, विवेक आणि ज्ञाती

ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत सहसा ज्ञातीच्या अभिमानाची चरित्रे येतात. ज्या पुरुषास त्याच्या ज्ञातीने बहिष्कृत केले आणि तरीही ज्याने ज्ञातीचा त्याग केला नाही, अशा पुरुषाचे चरित्र येथे सादर करीत आहोत. स्वतःच्या बुद्धीस पटेल तसे वागावे, की घरच्या वडीलधाऱ्यांचे व समाजाचे मन राखावे, हा प्रश्न आज घरोघरी उभा आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे सारे आयुष्य याच प्रश्नाच्या सोबतीने गेले. म्हणून ज्ञातिबांधवांनी व भगिनींनी त्यांचे चरित्र अवश्य मनन करावे.

माधवरावांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. बालपण कोल्हापुरास गेले व उच्च शिक्षण मुंबईस एल्फिन्स्टन संस्थेत झाले. १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाचे ते अगदी पहिल्या पदवीधरांपैकी एक होत. १८६२ साली ते बी. ए. झाले, पुढे एम. ए. व कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाले. काही काळ प्राध्यापकी करून १८७१ साली ते पुण्यास न्यायखात्यात रुजू झाले.

१८६७ साली मुंबईस प्रार्थना समाज स्थापन झाला आणि माधवराव लौकरच त्याचे आधारस्तंभ बनले. ईश्वर एक आहे, त्याची उपासना अंतःकरणाने करावी, मूर्तिपूजा व जातिभेद यांना धर्मात स्थान नसावे, ही त्या समाजाची शिकवण. तथापि नवा पंथ काढून हिंदू समाजापासून विभक्त होण्याची कल्पना त्यांना कधीच रुचली नाही. तुकोबादी संतांच्या अभंगांत त्यांना आपल्या श्रद्धेचा मूळ झरा सापडला.

याच सुमारास विष्णुशास्त्री पंडित यांनी विधवाविवाहाची चळवळ हाती घेतली होती. १८६९ साली मुंबईस जो पुनर्विवाह झाला, त्यास पाठिंबा देणाऱ्यांवर सनातनी मंडळींनी बहिष्कार पुकारला. त्यांत माधवरावही होते. बहिष्कार म्हणजे केवळ पंक्तीस न बसणे नव्हे. घरी कार्य निघाले तर भिक्षुक मिळत नसे, माहेरवाशिणीस माहेरी येणे कठीण होई, आणि अपराध ज्यांचा नाही अशा वृद्ध मातापित्यांस त्याची सर्वांत अधिक झळ लागे.

मग १८७३ साल उजाडले. त्या वर्षी त्यांच्या प्रथम पत्नी सखूबाई निवर्तल्या. विधवाविवाहाचा पुरस्कर्ता आता स्वतः विधवेशी विवाह करील, अशी सुधारकांची अपेक्षा होती, आणि नेमकी तीच वडील गोविंदरावांची धास्ती होती. त्यांनी घाईने एका कुलीन घरची अकरा वर्षांची कन्या निश्चित केली. माधवराव तेव्हा एकतीस वर्षांचे होते. त्यांनी परोपरीने विनवून पाहिले, परंतु वडील संबंध तोडण्यास सिद्ध झाले, तेव्हा पुत्राने मान तुकविली. त्याच वर्षी तो विवाह झाला. मित्रांनी दोष दिला, विरोधकांनी उपहास केला. तो दोष निराधार होता असे म्हणता येत नाही. विष्णुशास्त्र्यांनी पुढे स्वतः विधवेशी विवाह करून जे धैर्य दाखविले, ते माधवरावांना दाखविता आले नाही.

परंतु ज्या मुलीस न विचारता या घरात आणले गेले, तिला त्यांनी अज्ञानात ठेवले नाही. रमाबाईंना त्यांनी स्वतः अक्षरे गिरवावयास शिकविली, पुढे मराठी व इंग्रजी वाचनाची गोडी लाविली. घरातील वडील स्त्रियांचा जाच रमाबाईंनी निमूटपणे सोसला, पण अभ्यास सोडला नाही. १८८४ साली पुण्यात मुलींची इंग्रजी शाळा निघाली, तिच्या संस्थापकांत माधवराव अग्रणी होते. पतीच्या निधनानंतर १९०९ साली रमाबाईंनी पुण्यास सेवासदन उभारून असंख्य निराधार स्त्रियांस स्वावलंबनाचा मार्ग दाखविला.

दुसरी कसोटी १८९० साली आली. पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा ठेवण्यात आला. उपस्थितांची नावे वृत्तपत्रात छापून आली आणि गावात एकच गदारोळ उडाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली. १८९२ साली माधवरावांनी प्रायश्चित्त घेतले. चहा पिण्यात पाप आहे असे त्यांना वाटत नव्हते; बहिष्कारामुळे ज्या मित्रांच्या घरी क्लेश उत्पन्न झाले होते, त्यांची सुटका व्हावी म्हणून त्यांनी हा कमीपणा पत्करला. सुधारकांनी त्यांवर पुन्हा टीकेचा भडिमार केला.

मग त्यांची निष्ठा कोठे होती? १८८७ साली मद्रासेस त्यांनी सामाजिक परिषद सुरू केली व मृत्यूपर्यंत ती चालविली. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलींचे संमतिवय दहावरून बारा वर्षे केले, त्यास त्यांनी उघड पाठिंबा दिला. सुधारणेचे मार्ग ते चार सांगत : शास्त्राधार शोधणे, लोकांच्या सदसद्विवेकास आवाहन करणे, कायदा करणे आणि अखेरीस बंड करून वेगळे होणे. चौथा मार्ग त्यांनी टाळला, कारण वेगळा झालेला मनुष्य मागे राहिलेल्यांस पुढे नेऊ शकत नाही, अशी त्यांची धारणा होती. बाहेरील बंधनाची जागा अंतरीच्या नियमाने घ्यावी, यालाच ते स्वातंत्र्य मानीत. स्वैराचारास त्यांच्या विचारात थारा नव्हता.

१८९३ साली ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. १६ जानेवारी १९०१ रोजी त्यांचे देहावसान झाले.

माधवरावांच्या माघारीचे आम्ही समर्थन करीत नाही. परंतु त्या माघारीचा दोष एकट्या त्यांच्या माथी मारून ज्ञातीस मोकळे होता येणार नाही. एवढा विद्वान, एवढा श्रद्धाळू पुरुष दोन वेळा नमला, तो युक्तिवादाने नव्हे, आप्तस्वकीयांच्या दुःखाच्या भयाने. ते भय निर्माण करणारी शक्ती ज्ञातीची होती. महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. माधवरावांनी सांगितलेला तिसरा मार्ग असा सव्वाशे वर्षांनी फळास आला. दुसरा मार्ग, सदसद्विवेकाचा, मात्र कोणत्याही विधिमंडळास चालता येत नाही. तो ज्ञातीनेच चालावयाचा आहे. ज्ञातिसंस्थेने विद्यार्थ्यांस वसतिगृह द्यावे, गरजूंस साह्य करावे, वधूवरांच्या गाठी घालाव्यात. परंतु कोणा मुलाने वा मुलीने आपल्या विवेकास अनुसरून विवाह केला वा उपासनेचा वेगळा मार्ग धरला, तर त्यांच्या मातापित्यांच्या दारावरून मान फिरवून जाऊ नये. एवढे व्रत आपण घेतले, तर माधवरावांचे स्मरण सार्थकी लागेल.