तथास्तु कोण म्हणतं?

मैत्रिणींनो, गोव्याला जाऊन आलेल्या बहुतेकींच्या अल्बममध्ये पणजीचा एक फोटो असतोच. मांडवीच्या काठी, जुन्या सचिवालयाच्या शेजारी एक पुतळा आहे. झगा घातलेला उंच माणूस, पुढे ताणलेले दोन्ही हात आणि त्याच्यासमोर मागे कलंडलेली एक बाई. लहान मुलं तो बघून आईचा पदर धरतात. मोठी माणसं कुणीतरी मांत्रिक असेल म्हणतात आणि समुद्राकडे निघतात. रामचंद्र पांडुरंग कामत या शिल्पकाराचा हा पुतळा १९४५ साली तिथे उभा राहिला. तो आबे फारियांचा आहे. गंमत अशी की हा माणूस मांत्रिक तर नव्हताच, उलट माझ्या हातात काही जादू नाही हेच तो जगाला ओरडून सांगत होता.

जोझे कुस्तोदियो द फारिया हे त्यांचं पूर्ण नाव. जन्म १७५६ चा, गोव्यातल्या बारदेशातल्या कांदोळीचा. घराणं मूळचं सारस्वत, काही पिढ्यांपूर्वी ख्रिस्ती झालेलं. आईवडिलांचं पटलं नाही. दोघं वेगळे झाले आणि दोघांनीही धर्माची वाट धरली. वडील पाद्री झाले, आई जुन्या गोव्याच्या सांता मोनिका मठात जोगीण झाली. १७७१ मध्ये पंधरा वर्षांच्या मुलाला घेऊन वडील जहाजात बसले आणि लिस्बनला गेले. तिथून मुलगा रोमला शिकायला गेला. १७८० मध्ये तो पाद्री झाला, धर्मशास्त्रातली डॉक्टरेटही त्याने मिळवली.

यानंतरची एक आख्यायिका गोव्यात अजून सांगतात. लिस्बनला राजवाड्यातल्या चॅपलमध्ये फारियांचं प्रवचन होतं. समोर राणी, सरदार, भरजरी कपड्यांतली मंडळी. तरुण फारिया उभे राहिले आणि त्यांची बोबडीच वळली. शब्द फुटेना. शेजारी वडील होते. ते हळूच कोकणीत म्हणाले म्हणे की, समोर बसलेली ही सगळी भाजीच आहे असं समज आणि दे चिरून. झालं! मुलाची भीती पळाली आणि प्रवचन धो धो सुरू झालं. गोष्ट खरी की रचलेली, कोण सांगणार? पण बायांनो, विचार करा. राणी तीच, सभा तीच, मुलगाही तोच. बदललं काय? फक्त कानात पडलेलं एक वाक्य. ज्या माणसाने पुढे जन्मभर याच गोष्टीचा शोध घेतला, त्याच्या आयुष्यात ही आख्यायिका अगदी चपखल बसते.

१७८७ मध्ये गोव्यात पिंटोंचं बंड उघडकीला आलं. गोमंतकीय पाद्र्यांना वरच्या जागा मिळत नाहीत, हा राग त्यामागे होता. बाप-लेकांवरही संशयाची सावली पडली. पुढच्याच वर्षी फारिया पॅरिसला गेले. तिथे राज्यक्रांतीच्या धामधुमीत सापडले, नंतर मार्सेय आणि नीम इथे मास्तरकी केली.

त्या काळी युरोपात मेस्मेर नावाच्या डॉक्टरचं फार प्रस्थ होतं. माणसाच्या शरीरात लोहचुंबकासारखा एक अदृश्य प्रवाह असतो, आपण हात फिरवून तो नीट करतो, असा त्यांचा दावा. लोक थरथरायचे, बेशुद्ध पडायचे, बरेही व्हायचे. १७८४ मध्ये फ्रान्सच्या राजाने चौकशी समिती नेमली. बेंजामिन फ्रँकलिन आणि लाव्हाझिए यांच्यासारखी माणसं तीत होती. त्यांनी लोकांचे डोळे बांधून तपासलं. चुंबकत्व दिलंय असं नुसतं वाटलं तरी माणसं थरथरत होती, आणि न सांगता दिलं तर काहीच होत नव्हतं! समिती म्हणाली, प्रवाह वगैरे काही नाही, हा कल्पनेचा खेळ. आणि तिने फाइल बंद केली.

फारियांनी ती फाइल पुन्हा उघडली म्हणा ना. कल्पनेनं एवढं घडतं, तर कल्पना ही केवढी मोठी गोष्ट, असं त्यांना वाटलं. १८१३ च्या ऑगस्टपासून पॅरिसच्या क्लिशी रस्त्यावरच्या एका घरात ते दर गुरुवारी प्रयोग करून दाखवू लागले. प्रवेश पाच फ्रँक. ना चुंबक, ना मंत्र, ना अंधाऱ्या खोल्या. माणसाला खुर्चीत आरामात बसवायचं, डोळे मिटून फक्त झोपेचा विचार करायला सांगायचं आणि मग खणखणीत आवाजात झोपण्याची आज्ञा द्यायची. काही जण खरंच त्या वेगळ्या तंद्रीत जात. सगळे जात नसत, हेही ते मोकळेपणी सांगत. ही शक्ती माझ्यातून निघत नाही, ती तंद्रीत जाणाऱ्याच्याच मनात असते, मी फक्त दार वाजवतो, असा त्यांच्या सांगण्याचा मथितार्थ होता. त्यांचं सगळंच बरोबर होतं असं नाही. रक्त पातळ असलेल्यांना ही तंद्री लवकर लागते, हे त्यांचं म्हणणं पुढे टिकलं नाही. पण मूळ मुद्दा टिकला.

लोकांना मात्र तो रुचला नाही. चुंबकवाले चिडले, कारण त्यांचं दुकान बंद होणार होतं. चर्चला यात सैतान दिसला. सावळ्या, परदेशी पाद्र्याची टिंगल करायला सगळे टपलेलेच. एका नटाने झोपल्याचं सोंग करून त्यांना भर सभेत उघडं पाडल्याचा आव आणला. १८१६ मध्ये त्यांच्यावर चक्क एक प्रहसन रंगभूमीवर आलं. गर्दी ओसरली. म्हातारपणी त्यांनी आपलं म्हणणं पुस्तकात मांडलं आणि मुखपृष्ठावर आपल्या नावापुढे ब्राह्मण असं अभिमानाने छापलं. ते पुस्तक १८१९ चं. त्याच वर्षी २० सप्टेंबरला ते पॅरिसमध्ये वारले. कबरीवर नावसुद्धा नाही.

मग डॉक्टरांना हळूहळू पटत गेलं. १८४० च्या दशकात स्कॉटिश डॉक्टर ब्रेड यांनी चुंबकत्व बाजूला सारून संमोहनाला नवं नाव दिलं. पुढे फ्रान्समधल्या नान्सीच्या डॉक्टरांनी सूचनेचीच शक्ती मानली. १८८९ मध्ये ते काम बघायला तरुण फ्रॉइड तिथे गेले होते. आता तर मेंदूची चित्रंच काढता येतात. १९९७ मध्ये कॅनडात एक प्रयोग झाला. संमोहित माणसांचा हात चटका बसेल इतक्या गरम पाण्यात ठेवला. पाणी तेवढंच गरम, पण त्रास कमी होतोय किंवा जास्त होतोय असं सांगितलं की मेंदूतला त्रास जाणवणारा भाग तसा मंद किंवा तेज व्हायचा. त्याआधी १९७८ मध्ये अमेरिकेत दाढ काढलेल्या रुग्णांवर दिसलं होतं की औषध म्हणून नुसतं खोटं इंजेक्शन दिलं तरी काहींचं दुखणं कमी होतं, कारण मेंदू स्वतःच वेदनाशामक तयार करतो. म्हणजे मनाचे खेळ म्हणून हात झटकून चालत नाही. मनाचा खेळही मेंदूत, शरीरातच घडत असतो.

हे सगळं तुम्हाला काहून सांगते? आमच्या महालात अजूनही रडणाऱ्या पोराची मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढतात आणि पोर शांत झोपतं. मोहरीत काय असतं? आईचा हात, ओळखीचा सूर आणि आता बरं वाटेल ही खात्री. तिथवर ठीक आहे. पण वस्त्यांमध्ये काम करताना अंगात येणाऱ्या बायाही भेटतात. घरचे म्हणतात देवी आहे, शेजारी म्हणतात नाटक आहे. फारियांचं ऐकलं तर दोन्ही नाही. डफाचा ठेका, धुपाचा वास, सगळ्यांच्या अपेक्षा आणि आत साचलेलं दुःख यांतून मन त्या अवस्थेत जातं. एरवी जिचं कुणी ऐकत नाही, तिचं त्या घटकाभर सगळं घर हात जोडून ऐकतं! अशा बाईला मांत्रिकाच्या पुढ्यात टाकायचं नसतं. तिला डॉक्टरकडे न्यायचं असतं, कारण कधी फिट किंवा मानसिक आजारही असू शकतो, आणि तिचं म्हणणं एरवीही ऐकायचं असतं. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हेही लक्षात ठेवा.

आणि मारहाण नसली तरी सूचना तर आपण रोजच देतो. गणित मुलींना जमत नाही. हिच्या हाताला चवच नाही. तू आपल्या बापावर गेलास. रोज, जेवताना, तेही आपल्या माणसाच्या तोंडून. फारियांना निदान खुर्ची लागायची, पोरांना तर आपला आवाजच पुरतो. नुसतं गोड बोलून गणित येत नाही हे खरं. त्याला सरावच लागतो. पण जमणारच नाही असं मनात बसलेलं पोर सरावाला तरी कशाला बसेल?

जुन्या बाया संध्याकाळी घरात वाईट बोलू देत नसत. वास्तुपुरुष तथास्तु म्हणतो, असं त्या सांगत. वास्तुपुरुषाचं मला ठाऊक नाही. पण पाटावर बसून वरण-भात खाणारं एक पोर आपलं प्रत्येक वाक्य ऐकत असतं आणि मनातल्या मनात तथास्तु म्हणत असतं, एवढं मात्र नक्की.