बाबासाहेब आणि विद्यार्थ्यांची खोली

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र आपल्या घराघरात माहीत आहे. तळेगाव दाभाड्याचा त्यांचा बंगला आपल्या लोकलच्या वाटेवरच्या गावात. देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी त्यांनी स्वतःच्या हातांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, तिथेही आपण जातो. म्हणून महाड, घटना, धम्मदीक्षा हे सगळं इथे पुन्हा लिहीत नाही. एवढंच सांगायचं आहे की शिकत असताना बाबासाहेब राहिले कुठे, आणि पुढे त्यांनी दुसऱ्यांच्या लेकरांची राहायची सोय कशी केली.

हा विचार मनात आला तो घरच्याच गोष्टीवरून. आमच्या थोरल्याला पुण्यात कॉलेजला घातलं. लोहगडवाडीतून भाज्याची वाट उतरायची, मळवलीला लोकल धरायची, रात्री तेच उलट. पावसाळ्यात ते जमेना. म्हणून खोली बघायला निघालो. तीन ठिकाणी भाडं ठरलं, आडनाव सांगितल्यावर खोली आधीच गेलेली निघाली. चौथ्या ठिकाणी मिळाली. पोरगा काही बोलला नाही, मीही बोललो नाही.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूला झाला. साताऱ्याच्या शाळेतले वेगळे बसणे आपण लहानपणापासून ऐकतो. पुढे मुंबईला परळच्या डबक चाळीत सगळं कुटुंब एकाच खोलीत राहू लागलं. दोघांना नीट पाठ टेकायला जागा नव्हती. भीमराव लवकर झोपत. वडील रामजी सुभेदार रात्री दोनपर्यंत जागे राहत, मग मुलाला अभ्यासाला उठवून त्याच्या जागेवर आडवे होत. मॅट्रिकचा अभ्यास असा झाला.

१९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे विद्यापीठातच विद्यार्थ्यांच्या राहण्याच्या इमारती होत्या. आधी हार्टले हॉल, मग कॉस्मॉपॉलिटन क्लब, मग लिव्हिंग्स्टन हॉल अशा जागा त्यांनी बदलल्या. लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना हे पारशी गृहस्थ त्यांच्या सोबतीला होते. जेवायला शेजारी कोण बसतं आणि पाणी कोण देतं, याची तिथे चौकशी नव्हती. खोलीतून निघालं की ग्रंथालय, ग्रंथालयातून जॉन ड्यूई आणि सेलिग्मन यांच्यासारख्यांचे वर्ग. १९१५ मध्ये ते एम. ए. झाले आणि १९१६ च्या मे महिन्यात जातिसंस्थेवरचा प्रसिद्ध निबंध त्यांनी तिथल्याच एका परिसंवादात वाचला. बुद्धी तर परळच्या चाळीतही तीच होती, पण हे सगळं घडायला पाठ टेकायला जागा आणि चर्चेला माणसं मिळावी लागली, असं मला वाटतं.

नंतर ते लंडनला गेले. मुदत संपल्याने शिक्षण अर्धवट टाकून परत यावं लागलं. १९१७ मध्ये बडोदा संस्थानच्या नोकरीवर हजर झाले. एवढा शिकलेला माणूस, पण शहरात राहायला कोणी जागा देईना. शेवटी पारशी नाव घेऊन एका पारशी उताऱ्यात राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले दहा-बारा लोक दारात आले आणि संध्याकाळपर्यंत खोली सोडायला सांगून गेले. दोन ओळखीच्यांकडे त्यांनी विचारून पाहिलं, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. दोघांनीही टाळलं. मग कमाठी बागेत झाडाखाली बसून मुंबईच्या गाडीची वाट पाहिली. न्यूयॉर्कला खोलीत सोबत राहिलेला मित्र पारशी आणि बडोद्याला काठी घेऊन आलेलेही पारशी! १९२० मध्ये परत लंडनला जायला शाहू महाराजांनी मदत केली, आणि भथेनांनी पाच हजार रुपये उसने दिले. लंडनला भाड्याच्या खोलीत अर्धपोटी, रात्री पापडावर भूक भागवून त्यांनी डी. एस्सी. आणि बॅरिस्टरी पुरी केली. इकडे परळच्या चाळीत माता रमाई काटकसरीने संसार ओढत होत्या.

परत आल्यावर त्यांनी २० जुलै १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापली. ४ जानेवारी १९२५ रोजी सभेतर्फे सोलापूरला वसतिगृह निघालं. महाडच्या सत्याग्रहाला अजून दोन वर्षं होती. सभेच्या पहिल्या कामांतलं हे एक, हे आपण फारसं सांगत नाही.

१९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी झाली. १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज निघालं. नोकरी करणाऱ्या पोरांना यावं म्हणून तिथे सकाळचे वर्ग ठेवले. पण मराठवाड्याची गोष्ट वेगळी होती. पोरं खेड्यांतून येणार, रोज घरी जाणार कशी? औरंगाबादला (आताचे छत्रपती संभाजीनगर) १९५० मध्ये कॉलेज सुरू झालं आणि १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. कॉलेजचं नाव मिलिंद आणि परिसराचं नाव नागसेनवन. मिलिंद हा ग्रीक राजा. प्रश्न विचारून तो भिक्खू नागसेनांपुढे हरला आणि हरल्याचं त्याने मान्य केलं. राजाचं नाव कॉलेजला आणि भिक्खूचं नाव सगळ्या परिसराला, हे मला फार आवडतं.

नागसेनवनात वर्ग आणि वसतिगृहे एकाच आवारात झाली. म्हणजे वर्ग सुटला तरी शिकणं सुटत नव्हतं. आपल्या भाज्याच्या लेण्यात विहार पाहिला तर हेच दिसतं. मध्ये दालन, भोवती लहान खोल्या, खोलीत दगडी ओटा. दोन हजार वर्षांपूर्वी भिक्खू असेच एकत्र राहून शिकत-शिकवत होते. बाबासाहेबांच्या मनात नेमकं हेच होतं असं मी म्हणत नाही, पण नाव त्यांनी नागसेनांचंच निवडलं.

प्राचार्य म. भि. चिटणीस यांचं युगयात्रा हे नाटक याच आवारात जन्माला आलं. डॉ. गंगाधर पानतावणे इथेच प्राध्यापक झाले आणि पुढे त्यांनी अस्मितादर्श चालवलं. ज्यांच्या घरी दिव्याला तेल नव्हतं, त्या पोरांनी इथे लिहायला सुरुवात केली.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण झालं. तोपर्यंत मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ नव्हतं. ते २३ ऑगस्ट १९५८ ला झालं आणि १९९४ मध्ये त्याला बाबासाहेबांचं नाव जोडलं गेलं. विद्यापीठाचं आवार नागसेनवनाला लागूनच आहे. बी. ए. झालेल्या पोराला पुढच्या वर्गाला जायला गाडी धरावी लागत नाही, चालत जाता येतं.